नवा संघ, पहिलाच हंगाम आणि थेट फायनल: वेगास गोल्डन नाइट्स २०१७-१८

विश्रामबागवाला (सांगली)

कबड्डीच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं होतं की लीगमध्ये नव्याने आलेल्या संघाने पहिली दोन-तीन वर्षं मार खायचाच असतो, त्याला इलाज नाही. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. खेळ मात्र आइस हॉकी आहे. आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीत नाहीतर मासळीवाल्याकडे, हे मान्य करूनच वाचा.

एनएचएल ही अमेरिका आणि कॅनडा मिळून चालणारी लीग. २०१६ च्या जूनमध्ये तिने लास वेगासला एकतिसावा संघ दिला. मालक बिल फोली, प्रवेश फी ५० कोटी डॉलर. त्याआधी २००० साली कोलंबस आणि मिनेसोटा आत आले तेव्हा हीच फी ८ कोटी होती. वाळवंटातलं जुगाराचं गाव, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि तिथे बर्फावरचा खेळ! लोक हसले. हंगामाआधी वेगासमधल्याच सट्टेवाल्यांनी हा संघ कप (स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद) जिंकण्याचा भाव काही ठिकाणी ५०० ला १ लावला होता.

हसण्यासारखंच होतं म्हणा. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा पहिला हंगाम १९७४-७५ चा: ८० सामने, ८ विजय, ६७ पराभव. ओटावा १९९२-९३ मध्ये आला आणि ८४ पैकी १० जिंकला. नव्या संघांत त्यातल्या त्यात बरे निघाले ते १९९३-९४ चे फ्लोरिडा आणि अ‍ॅनाहाइम, दोघांचे ३३-३३ विजय. तो विक्रम होता.

वेगासने पहिल्याच वर्षी ८२ पैकी ५१ जिंकले. १०९ गुण (विजयाला २, जादा वेळेत हरलात तर १) आणि पॅसिफिक विभागात पहिला नंबर. प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्या, आधी चार सामने जिंकेल तो पुढे) लॉस एंजेलिसला ४-० ने धुतलं. त्या चार सामन्यांत मिळून फक्त ३ गोल खाल्ले. मग सॅन होजेला ४-२, विनिपेगला ४-१. फायनलला वॉशिंग्टनकडून १-४ ने हरले.

कुणी म्हणेल १९६८ साली सेंट लुइस ब्लूजही पहिल्याच वर्षी फायनलला गेला होता. गेला होता, पण तेव्हा एकदम सहा नवे संघ घेऊन त्यांचा वेगळा विभाग केला होता आणि त्यातला एक फायनलला जाणारच होता. तिथे माँट्रियलने त्यांना ४-० ने घरी पाठवलं. त्यामुळे ती तुलना मी धरत नाही.

माझं म्हणणं असं की हा चमत्कार वगैरे काही नव्हता. बाकीच्या तीस संघांनी आपल्याच खेळाडूंची किंमत चुकीची लावली, आणि वेगासने ती चूक फुकटात, उलट वर काहीतरी घेऊन उचलली. तपशील प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागाच कुणी उघडायचं नाही.

भडंगप्रेमी (सांगली)

पहिला!

शंका. १) पक म्हणजे ती काळी चकती ना? टीव्हीवर मला ती कधीच दिसत नाही. २) खेळाडू मिनिटभरात कठड्यावरून उड्या मारून आत-बाहेर का करतात? ३) सामना कधी बघता? रात्रभर जागता का?

विश्रामबागवाला (सांगली)

१) हो. रबरी चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड. उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. तिच्यामागे डोळे फिरवू नका, खेळाडूंच्या अंगाची दिशा बघा. आठवडाभरात सवय होते.

२) बर्फावर पूर्ण जोर लावून पळणं पाऊण मिनिटाच्या वर झेपत नाही. म्हणून तीन-तीन फॉरवर्डच्या चार तुकड्या असतात, त्यांना लाइन म्हणतात. खेळ न थांबवता त्या बदलत राहतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

३) जागायला लागत नाही. वेगासला संध्याकाळी सातला सामना असला की आपल्याकडे सकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ. चहा, पोहे, हॉकी. फायनल पहाटे साडेपाचला लागायची, तेवढीच काय ती तपश्चर्या.

अजिंक्यताऱ्यावरून (सातारा)

लेख चांगला, पण तुम्ही मोठी गोष्ट गाळलीत. नियम बदलले होते हो! नवा संघ जुन्या संघांतले न राखलेले खेळाडू उचलतो त्याला ड्राफ्ट म्हणतात. २००० च्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक जुन्या संघाला ९ फॉरवर्ड, ५ बचावपटू आणि १ गोली (गोलरक्षक) राखता येत होते (दुसरा पर्यायही होता, दोन गोली राखायचे असतील तर). २०१७ ला ७ फॉरवर्ड, ३ बचावपटू, १ गोली. म्हणजे जिथे पंधरा झाकले जायचे तिथे अकराच. शिवाय २००० ला उरलेला माल दोन नव्या संघांत वाटला गेला, इथे सगळा एकट्या वेगासला.

५० कोटी डॉलर मोजलेल्या गिऱ्हाइकाला लीग शिळं कसं वाढेल? ताट वाढून दिलं आणि हे जेवले. यात किंमत चुकीची लावली वगैरे शोध कशाला?

विश्रामबागवाला (सांगली)

अजिंक्यतारा साहेब, नियम सैल होते हे शंभर टक्के मान्य. प्रत्येक संघाकडून एक असे तीस खेळाडू घ्यायचे होते, आणि दर संघातला आठवा फॉरवर्ड किंवा चौथा बचावपटू मिळणं ही चांगलीच सोय होती. पण तेवढ्याने संघ मधल्या फळीत गेला असता, फायनलला नव्हे. फरक पडला तो बाजूच्या सौद्यांनी. हे सौदे मला अजून खरे वाटत नाहीत, म्हणून नीट लिहितो.

वेगासचा जनरल मॅनेजर जॉर्ज मॅकफी. ड्राफ्टच्या आधी तो एकेका संघाला फोन करून विचारायचा की तुमचा अमुक खेळाडू उघडा पडलाय, मी तोच घेऊ का? समोरचा घाबरायचा. मग मॅकफी म्हणायचा, ठीक आहे, दुसरा घेतो, बदल्यात काय देता?

अ‍ॅनाहाइमला आपले दुसरे बचावपटू वाचवायचे होते. त्यांनी सांगितलं, तुम्ही क्लेटन स्टोनरला घ्या, वर शे थिओडोर देतो. हा थिओडोर पुढे वेगासचा सगळ्यात भरवशाचा बचावपटू झाला. मिनेसोटाने एरिक हौला घ्यायला लावला आणि त्यासाठी अ‍ॅलेक्स टक हा धिप्पाड तरुण फॉरवर्ड जवळजवळ भेटच दिला. पिट्सबर्गकडे मॅट मरे हा तरुण गोली होता, म्हणून मार्क-आंद्रे फ्लुरी मोकळा केला. तीन वेळा स्टॅन्ले कप जिंकलेला माणूस, आणि त्याला वेगासनेच उचलावं म्हणून वर दुसऱ्या फेरीची एक निवडही दिली (निवड म्हणजे दरवर्षीच्या नव्या पोरांच्या ड्राफ्टमध्ये एक खेळाडू उचलायचा हक्क).

कोलंबसचा किस्सा सगळ्यात भारी. त्यांनी पहिल्या फेरीची निवड दिली, पुढच्या एका वर्षाची दुसऱ्या फेरीची दिली, एक नकोसा करार गळ्यात मारला आणि सांगितलं की आमचे बाकीचे सोडा, विल्यम कार्लसनला न्या. कार्लसनने आदल्या हंगामात ६ गोल केले होते. वेगासमध्ये पहिल्याच वर्षी ४३ केले.

आणि फ्लोरिडा. जोनाथन मार्शसोने त्यांच्यासाठी नुकतेच ३० गोल केले होते, पगार साडेसात लाख डॉलर, म्हणजे त्या लीगमध्ये चिल्लर. त्याला राखलंच नाही. वर रायली स्मिथला चौथ्या फेरीच्या एका निवडीत देऊन टाकलं, कारण त्याचा करार जड वाटत होता. मार्शसो-कार्लसन-स्मिथ ही वेगासची पहिली लाइन झाली. कोलंबसने वर निवडी देऊन काढलेला मधला, फ्लोरिडाने टाकलेले दोन बाजूचे.

पगाराची कमाल मर्यादा सगळ्यांना सारखीच होती, साडेसात कोटी डॉलर. ५० कोटी फी भरली म्हणून खेळाडूंवर जास्त उधळता येत होतं असं अजिबात नाही.

तासगावकर टोरांटो

नियमांच्या वादावर एकच पुरावा पुरेसा आहे: सिअ‍ॅटल क्रॅकन. २०२१ ला आले, फी ६५ कोटी, ड्राफ्टचे नियम तेच. पहिल्या हंगामात २७ विजय, ६० गुण, विभागात तळाला. ताट तेच होतं, मग जेवण कुठे गेलं?

झालं असं की चार वर्षांत बाकीचे मॅनेजर शहाणे झाले होते. सिअ‍ॅटलने फोन केले तेव्हा कुणी बाजूचा सौदा करेना. जो जायचा तो जाऊ दे, वर काही मिळणार नाही. धागाकर्त्याचं म्हणणं म्हणूनच पटतं. वेगासने नियमाचा नाही, भीतीचा फायदा घेतला.

इकडे ऑफिसात वेगासचं नाव काढायची सोय नाही. टोरांटोने १९६७ नंतर कप बघितलेला नाही. आजोबांपासून हरत आलेल्या घरातल्या माणसाला सांगून बघा की परवा जन्मलेला संघ पहिल्या वर्षी फायनलला गेला. जेवणाच्या सुट्टीत मी एकदा बोललो, नंतर कॉफीला एकटाच होतो.

कासेगावी

मंडळी, हॉकीतलं मला काय कळत न्हाई, पण कबड्डीतलं सांगतो. ह्याच साली, २०१७ ला, प्रो कबड्डीत चार नवीन संघ आलते. गुजरात, यूपी, हरियाणा, तमिळ थलायवाज. जुन्यांस्नी एकेकच गडी राखता येत हुता, बाकी समदे लिलावात. म्हंजे नियम नव्यांस्नी सोयीचाच.

तरी काय झालं? गुजरात पयल्याच वर्साला गटात वर आणि थेट फायनलला. पाटण्यानं ५५-३८ नं हाणलं ते सोडा, परदीप नरवालपुढं त्या वर्सी कोण टिकलं असतं? आणि त्याच नियमात तमिळ थलायवाज आपल्या गटात तळाला! संघात अजय ठाकूरसारका रेडर असून.

गुजरातचं गमक म्हंजी डावा-उजवा कोपरा. फजल अत्राचली आणि अबोझर मिघानी, दोघं इराणी, एकमेकाच्या सवयीचं. नावाजलेला रेडर न्हवताच, सचिन आणि महेंद्रसारकी नवी पोरं. आमच्याकडं वाळव्यात लहान गटाच्या स्पर्धांत पण हेच बघतो. मोठ्या नावाचा गडी आणला की बाकीचे सहा त्याच्याकडंच बघत बसत्यात. ज्येला कोण वळखत न्हाई अशा सात जणांचा संघ मोकळा खेळतो, हरला तर कोण विचारणार हाय?

तुमच्या त्या वेगासचं पण असंच असणार बगा.

अजिंक्यताऱ्यावरून (सातारा)

सिअ‍ॅटलचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी खिशात घातला. पण मग नशिबाचं काय? कार्लसनचे ४३ गोल १८४ शॉट्समध्ये आले. म्हणजे २३.४ टक्के. चांगले चांगले खेळाडू दहा-बाराच्या आसपास असतात. पुढच्याच हंगामात त्याचे गोल २४ वर आले. पक लागतोय तर लागतोय, असं वर्ष होतं ते. तेवढ्या गोलांतले दहा-पंधरा काढा आणि मग सांगा संघ कुठे असता.

विश्रामबागवाला (सांगली)

नशीब होतंच. पण त्याच्या विरुद्ध बाजूचंही धरा ना. १३ ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध फ्लुरीच्या डोक्याला मार बसला आणि तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत बाहेर. दुसरा गोली माल्कम सब्बन जखमी. तिसरा ऑस्कर डान्स्क जखमी. चौथा मॅक्सिम लगासे उभा केला. एडमंटनला तर १९ वर्षांचा डिलन फर्ग्युसन, जो खरं तर अजून ज्युनियर लीगमध्ये खेळायचा, काही मिनिटांसाठी गोलात आला. एका हंगामात पाच गोली! नव्या संघाची घडी इथेच विस्कटायला हवी होती. ते जिंकत राहिले.

याचं श्रेय मी कोचला देतो. जेरार्ड गॅलंट. याला आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, फ्लोरिडाने परगावच्या सामन्यानंतर काढून टाकलं होतं. रस्त्यावर उभा राहून स्वतःची बॅग टॅक्सीत टाकतानाचा त्याचा फोटो तेव्हा सगळीकडे फिरला. आणि सहा-सात महिन्यांनी त्याच फ्लोरिडाने मार्शसो आणि स्मिथ त्याच्या हातात आणून दिले. कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा कमी करा.

गॅलंटने काय केलं? भडंगप्रेमी, आता त्या चार लाइन आठवा. बहुतेक संघांत पहिल्या दोन लाइन खेळतात आणि चौथी दम खायला असते. याने चारही सारख्या पळवल्या. समोरचा संघ तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात थकलेला असायचा तेव्हा यांची ताजी तुकडी बर्फावर उतरायची. पक गेला की लगेच उलट धावून तो परत मिळवायचा, मागे जाऊन भिंत बांधून बसायचं नाही. त्या वर्षीचं सर्वोत्तम कोचचं जॅक अ‍ॅडम्स पारितोषिक त्यालाच मिळालं, मॅकफीला सर्वोत्तम मॅनेजरचं.

एक गंमत. फेब्रुवारीत मॅकफीने तोमाश टाटर हा नावाजलेला फॉरवर्ड पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या तीन निवडी मोजून आणला. प्लेऑफमध्ये तो बरेच सामने बाहेरच बसला. टाकलेले लोक चाललेच इतके की विकत घेतलेल्याला जागा मिळेना. कासेगावी भाऊ, हे तुमच्याच मुद्द्याला जाऊन मिळतं.

मिरजेची सुलू

मी या खेळातली नाही. धाकटा भाऊ हेंडरसनला राहतो, वेगासला लागूनच आहे ते गाव, म्हणून लिहिते. सगळे ड्राफ्ट आणि टक्केवारीवर बोलताय, पण तिथल्या लोकांना विचारलं तर ते आधी १ ऑक्टोबर सांगतील.

त्या रात्री मँडेले बे हॉटेलच्या खिडकीतून खालच्या संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. तेव्हा मृतांचा आकडा ५८ होता, पुढे वाढला. नव्या संघाचा घरचा पहिला सामना होता १० ऑक्टोबरला, म्हणजे नऊ दिवसांनी. त्यांनी सोहळ्याचा सगळा बेत बदलला. कठड्यावरच्या जाहिराती काढल्या आणि तिथे फक्त 'वेगास स्ट्राँग'. एकेका खेळाडूबरोबर एकेक पोलीस, डॉक्टर, नर्स, अग्निशमनवाला असे बर्फावर आले. ५८ सेकंद सगळं स्टेडियम गप्प उभं. डेरिक एंगेलंड म्हणून बचावपटू होता. तो आधी तिथल्या खालच्या लीगच्या संघात खेळलेला, लग्न करून तिथेच घर केलेला. तो मधोमध उभा राहून बोलला. मग सामना सुरू झाला आणि पहिल्या अकरा मिनिटांत चार गोल, त्यातला एक एंगेलंडचा. एरवी हा माणूस हंगामात जेमतेम पाच गोल करणारा.

भाऊ म्हणतो, वेगासमध्ये सगळेच बाहेरून आलेले, कामापुरते राहणारे. कुणी विचारलं तुझं गाव कुठलं, तर दुसरंच नाव सांगणार. त्या वर्षीपासून गाड्यांवर संघाच्या चिन्हातल्या शिरस्त्राणाचे स्टिकर दिसायला लागले. तो स्वतः गेली कित्येक वर्षं तिथे आहे, पण "आमची टीम" हा शब्द त्याच्या तोंडून तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. २०१९ ला महापुरात आमच्या मिरजेत आणि सांगलीत काय झालं ते इथल्यांना सांगायला नको. अशा वेळी लोकांना एकत्र जायला जागा लागते, त्यांना ती योगायोगाने तयार मिळाली.

घरी त्या वर्षी २९ जिंकले आणि नियमित वेळेत फक्त १० हरले म्हणे. यात तुमच्या चार लाइनचा वाटा किती आणि त्या गर्दीचा किती, ते तुम्ही ठरवा.

विश्रामबागवाला (सांगली)

सुलूताई, हे मूळ धाग्यात यायला हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. पुढचं जोडतो. ३१ मार्च २०१८ ला त्यांनी ५८ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. आता त्या संघात कुणी तो नंबर घालत नाही. त्याच रात्री सॅन होजेला ३-२ ने हरवून विभागही जिंकला. त्या सामन्यातला कार्लसनचा गोल शोधून बघा. आपला एक गडी शिक्षा भोगत बाहेर बसलेला, हा एकटा पक घेऊन पुढे गेला आणि काठी स्वतःच्या दोन पायांमधून मागून काढून मारला.

अजिंक्यतारा साहेब, यालाही नशीब म्हणाल?

अजिंक्यताऱ्यावरून (सातारा)

त्याला मस्ती म्हणतो. साताऱ्यात मस्तीला मान आहे.

पण सुलूताईंच्या मुद्द्यावर माझं थोडं वेगळं मत. दुःख झालं म्हणून संघ जिंकतो असं नसतं. तसं असतं तर जगात हरायला कुणी उरलं नसतं. परगावचे सामनेही त्यांनी निम्म्याहून जास्त जिंकले, तिथे कुठली आपली गर्दी होती? गर्दीमुळे संघ त्या गावाचा झाला, हे मान्य. जिंकला तो फ्लुरी आणि त्या पहिल्या लाइनमुळे.

मिरजेची सुलू

मी कुठे म्हटलं त्यामुळे जिंकला? आधी नीट वाचत जा हो.

अजिंक्यताऱ्यावरून (सातारा)

वाचलं. माघार.

तासगावकर टोरांटो

फायनलवर कुणी बोलत नाहीये. मी बोलतो, कारण त्यात सगळ्यात जास्त मसाला आहे.

समोर वॉशिंग्टन कॅपिटल्स. तेच ते १९७४-७५ ला ८ सामने जिंकलेले, पहिल्या वर्षाच्या नालायकीचा नमुना म्हणून ज्यांचं नाव दिलं जातं ते. ४४ वर्षं झाली तरी कप नाही. आणि त्यांचा तो संघ बांधला कुणी? ओव्हेच्किन, बॅकस्ट्रॉम, कुझ्नेत्सोव्ह, गोली होल्टबी यांना ड्राफ्टमध्ये उचललं तेव्हा वॉशिंग्टनचा जनरल मॅनेजर होता जॉर्ज मॅकफी! १९९७ पासून १७ वर्षं तिथे होता, २०१४ ला काढला. म्हणजे फायनलला त्याचा जुना संघ विरुद्ध त्याचाच नवा.

पहिला सामना वेगासने ६-४ ने घेतला. मला वाटलं आता कप गेलाच वाळवंटात. दुसऱ्या सामन्यात वॉशिंग्टन ३-२ ने पुढे, दोनेक मिनिटं उरलेली. पक कठड्यावरून विचित्र उसळून बाजूला आला, समोर पूर्ण उघडा गोल आणि टकच्या काठीवर पक. होल्टबीने पलीकडून झेप घेऊन नुसती काठीची पात मध्ये घातली. पक पातीला लागला. तो गोल झाला असता तर ३-३, घरचं मैदान, आणि पुढचं काय माहीत. त्यानंतर वेगास एकही सामना जिंकला नाही: १-३, २-६, ३-४. ७ जूनला वेगासच्याच बर्फावर ओव्हेच्किनने कप उचलला.

अजिंक्यतारा साहेबांचं नशीब शेवटी आलं, पण उलट्या बाजूने.

कासेगावी

आमचा गुजरात तर पुढच्या वर्सी पण फायनलला हरला की. बेंगळुरूचा पवन शेरावत, एकट्यानं २२ गुण. ३८-३३.

ह्या वेगासचं पुढं काय झालं?

विश्रामबागवाला (सांगली)

मालक फोलीने सुरुवातीलाच जाहीर केलं होतं, तीन वर्षांत प्लेऑफ, सहा वर्षांत कप. तेव्हा लोकांनी ती मालकाची बडबड धरली. सहाव्या हंगामात, १३ जून २०२३ ला, वेगासने कप जिंकला. शेवटचा सामना ९-३, मार्क स्टोनची हॅटट्रिक. समोर कोण? फ्लोरिडा. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू कोण? मार्शसो, तोच साडेसात लाखवाला. पहिल्या वर्षाचे सहा जण त्या संघात टिकून होते: मार्शसो, कार्लसन, स्मिथ, थिओडोर, मॅकनॅब, कॅरियर.

पण यात मला न आवडणारी बाजूही आहे. गॅलंटला जानेवारी २०२० मध्ये काढला, तीन वर्षंही पूर्ण होऊ दिली नाहीत. आणि फ्लुरी! २०२१ च्या जूनमध्ये त्याला लीगमधल्या सर्वोत्तम गोलीचं वेझिना पारितोषिक मिळालं, जुलैमध्ये शिकागोला पाठवून दिला. बदल्यात दुय्यम लीगमधला एक पोरगा. पगाराच्या मर्यादेत जागा करायची होती. ज्या माणसाच्या नावाच्या जर्सी घालून गाव उभं राहिलं, त्याला असं काढलं. टाकलेल्यांचा संघ म्हणून जे नाव कमावलं, तो संघ चार वर्षांत इतरांना टाकायला शिकला. हिशेबाने बरोबर असेल, मला अजून पटलेलं नाही.

तासगावकर टोरांटो

तिथे मी असहमत. फ्लुरी तेव्हा ३६ चा होता, ७० लाख डॉलर पगार. त्या जागेशिवाय २०२३ चा संघ उभा राहिला नसता. भावना ठेवून काय होतं ते टोरांटोला येऊन बघा.

मिरजेची सुलू

भाऊ अजूनही फ्लुरीचीच जर्सी घालून जातो. एवढंच सांगते.

भडंगप्रेमी (सांगली)

सगळं वाचलं, सकाळपासून दुकानात दुसरं काही केलं नाही. आपल्याकडे कुणी खेळतं का हो हे? लडाखमध्ये असं ऐकलंय.

विश्रामबागवाला (सांगली)

लडाखमध्ये तर जोरात. थंडीत गोठलेल्या तळ्यांवर पोरं खेळतात, लष्कर आणि आयटीबीपीचे संघ आहेत, आता लेहला कृत्रिम बर्फाची रिंकही आहे. भारताच्या मुलींनी २०२५ ला आशिया कपमध्ये कांस्यपदक आणलं, यूएईतल्या अल ऐनला. संघात बहुतेक लडाखच्याच. त्यावर कुणी जाणकाराने वेगळा धागा काढावा, माझी माहिती तिथे तोकडी पडेल.

भडंगप्रेमी (सांगली)

बरं. मग आता मी कुणाच्या बाजूने व्हायचं? वेगासने त्या फ्लुरीला काढलं म्हणता, टोरांटो जिंकतच नाही.

तासगावकर टोरांटो

सिअ‍ॅटल घ्या. दुसऱ्याच वर्षी १०० गुण केले आणि पहिल्या फेरीत गतविजेत्या कोलोरॅडोला बाहेर काढलं. तिथली वेळही तुम्हाला सोयीची, सकाळी साडेसात.

भडंगप्रेमी (सांगली)

साडेसातला भट्टी पेटवायची असते हो. कुणी दुपारी खेळणारा संघ असेल तर सांगा.